औषधाच्या पत्रकावरचे आकडे आणि आपण मेडिकलवाले

प्रश्न असा आहे: “मी बी.फार्म. आहे, नाशिकला इंदिरानगरात स्वतःचं मेडिकल चालवतो. एमआर मंडळी (औषध कंपन्यांचे प्रतिनिधी) पत्रकं ठेवून जातात. त्यावर ‘३८ टक्के घट’, ‘पी ०.०५ पेक्षा कमी’ असं लिहिलेलं असतं. कॉलेजात बायोस्टॅटला (आरोग्याच्या संख्याशास्त्राला) मार्क चांगले होते, पण समोरचं पत्रक खरं धरावं की नाही हे मला ठरवता येत नाही. बाकीच्या फार्मासिस्टना हे कळतं का? मी नेमकं काय शिकू? एसपीएसएस किंवा ‘आर’ या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरचा कोर्स करावा का? आणि एमआरला प्रश्न विचारले तर तो दुखावेल का?”

आधी पहिल्या प्रश्नाचं उत्तर. नाही, आपल्यातल्या बहुतेकांना ते कळत नाही. मात्र डॉक्टरांना कळतंच असंही समजू नका. २००७ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या २७७ रेसिडेंट डॉक्टरांच्या चाचणीचा निकाल छापून आला होता. संशोधनलेखांत हमखास भेटणाऱ्या संख्याशास्त्रावर वीस प्रश्न होते. सरासरी गुण पडले ४१.४ टक्के. रिलेटिव्ह रिस्कचा (एका गटातला धोका दुसऱ्याच्या किती पट, याचा) अर्थ ८१.६ टक्के लोकांना सांगता आला, पण कॅप्लान-मायर आलेखाचा (काळ जातो तसे किती रुग्ण टिकून राहतात ते दाखवणाऱ्या आलेखाचा) निकाल वाचता आला फक्त १०.५ टक्क्यांना. त्यातल्या पाऊणजणांनी स्वतःच कबूल केलं होतं की लेखांत येणारं सगळं संख्याशास्त्र आपल्याला समजत नाही. पुढे तिथल्या फार्मसी रेसिडेंट्सचीही अशीच परीक्षा झाली आणि सरासरी पन्नाशीच्या आतच राहिली. तेव्हा ‘डॉक्टरांना येतं, मला येत नाही’ हा न्यूनगंड आधी काढून टाका.

आपल्याकडे गोम कुठे आहे ते बघू. बी.फार्म.च्या आठव्या सत्रात ‘बायोस्टॅटिस्टिक्स अँड रिसर्च मेथडॉलॉजी’ हा विषय आहे. मध्य, मध्यक, प्रमाण विचलन, टी-टेस्ट, अनोव्हा, मान-व्हिटनी, फॅक्टोरियल डिझाइन, सगळं त्यात आहे. पोरं गणितं सोडवतात, टेबलमधली किंमत बघतात, ‘नल हायपोथिसिस रिजेक्टेड’ (‘फरक नाही’ हे गृहीतक फेटाळलं) लिहून दोन रेघा मारतात आणि पास होतात. पण छापून आलेला एखादा खरा लेख समोर ठेवून ‘यात काय पटतं, काय पटत नाही’ हे कुणी विचारत नाही. आठवं सत्र म्हणजे प्रोजेक्ट आणि नोकरीची धावपळ, त्यामुळे विषय तसाही उरकलाच जातो. डी.फार्म.ला तर हा स्वतंत्र विषयच नाही, आणि नाशिकच्या दुकानांत काउंटरवर उभे असणारे बहुसंख्य डी.फार्म.चेच आहेत. म्हणजे चाचणी कुठली लावायची हे आपल्याला शिकवलं जातं, आणि रोज ज्याची गरज पडते ते वाचन मात्र शिकवलं जात नाही.

मी गोळे कॉलनीत होलसेलला सुरुवात केली, नंतर हॉस्पिटल फार्मसीत गेलो, आता फार्मसीच्या मुलांना शिकवतो. त्यामुळे आपल्या धंद्यातली कंपनीतली, हॉस्पिटलमधली आणि काउंटरवरची, अशी तिन्ही प्रकारची माणसं जवळून बघितली आहेत. अंबड-सातपूरच्या कंपन्यांत क्यूसीला (गुणवत्ता तपासणीला) असणारा माणूस आकड्यांना पक्का असतो. एचपीएलसी या औषध मोजायच्या यंत्रावर एकाच नमुन्याची सहा इंजेक्शनं मारून आरएसडी (सहा निकालांतला टक्केवारीतला फरक) दोनच्या वर गेला की तो पुढचं काम थांबवतो. पण तोच माणूस घरी वडिलांच्या गोळीचं पत्रक वाचतो तेव्हा ‘३८ टक्के’ बघून खूश होतो. हॉस्पिटलवाल्याला शब्द सगळे माहीत असतात, आकड्यांपाशी तो लेखाच्या निष्कर्षावर उडी मारतो. आणि काउंटरवाला? त्याला वाटतं हे आपलं कामच नाही. गंमत म्हणजे यातली सगळ्यात कठीण समजली जाणारी गोष्ट काउंटरवाल्याच्या बोटांवर असते.

दहावर एक फ्री अशी स्कीम आली तर तुम्ही त्याला दहा टक्के सूट म्हणता का? नाही म्हणत. अकरा नग आले आणि दहाचे पैसे दिले, म्हणजे सूट ९.०९ टक्के. एमआरपीवर २० टक्के मार्जिन म्हणजे खरेदीवर २५ टक्के, हे तुम्ही कॅल्क्युलेटर न काढता सांगता. टक्का ऐकला की ‘कशावर?’ हा प्रश्न तुमच्या तोंडी आपोआप येतो. फक्त तो स्टॉकिस्टला विचारायचा आणि पत्रकाला विचारायचा नाही, अशी आपली सवय झाली आहे.

आता तुमच्या त्या ३८ टक्क्यांकडे येऊ. तुम्ही औषधाचं नाव दिलेलं नाही, पण माझा अंदाज आहे की हे एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळीचं पत्रक असणार. मार्च २०२५ मध्ये त्याचं पेटंट संपलं आणि एका रात्रीत डझनांनी ब्रँड आले, किंमत धाडकन उतरली. प्रत्येक कंपनीच्या पत्रकावर तोच एक आकडा: हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंत ३८ टक्के घट. आकडा खोटा नाही. तो २०१५ साली आलेल्या एम्पा-रेग या ट्रायलमधला (रुग्णांवर केलेल्या औषधाच्या चाचणीतला) आहे.

त्या ट्रायलमध्ये सात हजारांवर माणसं होती, त्यांच्यावर लक्ष ठेवण्याच्या काळाचा मध्यक ३.१ वर्षं. प्लासिबोवाल्यांपैकी (औषध नसलेली दिखाऊ गोळी घेणाऱ्यांपैकी) ५.९ टक्के हृदयविकाराने गेले, गोळीवाल्यांपैकी ३.७ टक्के. ५.९ वरून ३.७ म्हणजे ५.९ च्या मानाने साधारण ३८ टक्के घट. शंभर माणसांच्या हिशोबात मात्र ती २.२ माणसांची घट. एकाला २.२ टक्क्यांनी भागा: ४५ जणांना तीन वर्षं गोळी दिली तर एक मृत्यू टळतो. औषधांच्या दुनियेत हा उत्तम निकाल आहे, मी औषधाला नावं ठेवत नाही. पण ‘३८’ आणि ‘४५ जणांत एक’ हे दोन्ही एकाच ट्रायलचे आकडे असून ऐकणाऱ्याच्या मनात चित्र किती वेगळं उभं राहतं ते बघा.

पुढे वाचा. या ट्रायलमध्ये घेतलेल्या सगळ्यांना टाइप टू मधुमेह होताच, शिवाय हृदयाचा किंवा रक्तवाहिन्यांचा आजार आधीपासून होता. तुमच्या काउंटरवर येणारा पंचेचाळिशीचा, नुकतीच साखर निघालेला, अँजिओग्राफी वगैरे काही न झालेला माणूस त्यात नव्हता. त्याला गोळी देऊ नये असं नाही, ते डॉक्टर ठरवतील. पण ‘४५ जणांत एक’ हा हिशोब त्याच्या नावावर मांडता येणार नाही.

आणखी एक थर आहे. ट्रायलचं मुख्य उद्दिष्ट होतं तिहेरी: हृदयविकाराने मृत्यू, जीवघेणा नसलेला झटका, जीवघेणा नसलेला पक्षाघात, यांपैकी काहीही. तिथे १२.१ विरुद्ध १०.५ टक्के. हॅझार्ड रेशो (दोन गटांतल्या धोक्यांचं गुणोत्तर; एक म्हणजे फरक नाही) ०.८६, कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा आकडा ज्या पट्ट्यात असावा असा अंदाज, तो पट्टा) ०.७४ ते ०.९९. वरचं टोक एकला जेमतेम टेकायचं राहिलं आहे. तिघांना वेगळं करून बघितलं तर झटक्यात आणि पक्षाघातात ठोस फरक नाही, सगळा फायदा मृत्यूच्या रकान्यातून आलेला. पत्रकावर छापायला त्यातला सगळ्यात उठून दिसणारा आकडा उचलला, हे ओघाने आलंच. म्हणून मी मुलांना सांगतो, एकत्र बांधलेलं उद्दिष्ट दिसलं की मोळी सोडून एकेक काटकी बघा.

आणि आता दुष्परिणाम. जननेंद्रियाचा बुरशी वगैरे संसर्ग प्लासिबोत १.८ टक्के, गोळीवर ६.४ टक्के. पत्रकावर हा उल्लेख असलाच तर तळाशी, बारीक अक्षरात, ‘६.४ टक्के विरुद्ध १.८ टक्के’ असा. जी भाषा फायद्याला लावली तीच इथे लावली असती तर ‘साडेतीन पट वाढ’ असं लिहावं लागलं असतं. फायदा सापेक्ष आकड्यात आणि तोटा सरळ टक्क्यांत. दाखवायचे दात वेगळे, खायचे वेगळे. एकदा ही खोड लक्षात आली की तुम्हाला ती प्रत्येक पत्रकावर दिसायला लागेल. शिवाय तुमच्या दृष्टीने हा तोटाच जास्त कामाचा, कारण खाज सुटली म्हणून बाई आधी तुमच्याकडे मलम मागायला येते, आणि तेही हळू आवाजात. तेव्हा चिठ्ठीवर ही गोळी आहे का हे विचारणं तुमचं काम आहे.

पी-व्हॅल्यूबद्दल फार लिहीत नाही, कारण तिचा बाऊच जास्त झाला आहे. औषध प्रत्यक्षात काहीच करत नसेल, तर इतका किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता किती, एवढंच ती सांगते. औषध चालण्याची शक्यता ९५ टक्के आहे असा तिचा अर्थ नाही, फरक मोठा आहे असा तर नाहीच. माणसं पुरेशी घेतली तर क्षुल्लक फरकाचीही पी-व्हॅल्यू शून्याजवळ जाते. आणि ०.०५ ही काही लक्ष्मणरेषा नव्हे. १९९८ चा यूकेपीडीएस अभ्यास बघा. मधुमेह कडक आटोक्यात ठेवलेल्या गटात हृदयविकाराचे झटके १६ टक्क्यांनी कमी होते, पी ०.०५२. रेषेच्या केसभर पलीकडे, म्हणून कित्येकांनी वर्षानुवर्षं ‘फायदा नाही’ असं शिकवलं. त्याच रुग्णांचा दहा वर्षं पाठपुरावा करून २००८ साली निकाल आला तेव्हा घट १५ टक्के, पी ०.०१. परिणाम जवळपास तेवढाच. तेव्हा पी बघून झाली की कॉन्फिडन्स इंटरव्हल बघा, आणि त्याची दोन्ही टोकं तुमच्या पेशंटच्या दृष्टीने काय ठरतील याचा विचार करा.

पत्रकावर आलेख असेल तर दोन गोष्टी आधी तपासायच्या. उभा अक्ष शंभरापर्यंत आहे की दहाच्या आसपास कापला आहे? आणि खांबांवरच्या त्या छोट्या टोप्या एसडीच्या (प्रमाण विचलनाच्या) आहेत की एसईच्या (सरासरीच्या प्रमाण त्रुटीच्या)? एसई म्हणजे एसडीला माणसांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागलेलं. शंभर माणसं असतील तर टोपी दहापट लहान दिसते आणि दोन खांब एकमेकांपासून स्वच्छ वेगळे वाटतात. प्रत्यक्षात पेशंट-पेशंटमधला फरक होता तेवढाच असतो.

आता एक असा विषय जिथे आपणच तज्ज्ञ असायला हवं आणि तिथेही आपण घोळ घालतो: जेनेरिक. मूळ कंपनीच्या औषधाची दुसऱ्या कंपनीने केलेली आवृत्ती म्हणजे जेनेरिक. ‘जेनेरिकमध्ये औषध ८० ते १२५ टक्के चालतं, म्हणजे ४५ टक्क्यांचा फरक’ हे वाक्य मी फार्मासिस्टच्याच तोंडून अनेकदा ऐकलं आहे. जनऔषधीच्या दुकानातून गोळी घेऊन आलेल्या माणसाला असं सांगितलं की तो घाबरतोच. गोळीत औषध किती याची मर्यादा वेगळी, ती फार्माकोपियात (औषधांच्या अधिकृत मानकांच्या ग्रंथात) दिलेली असते आणि बरीच अरुंद असते. ८० ते १२५ हा आकडा बायोइक्विव्हॅलन्सचा, म्हणजे दोन्ही गोळ्या शरीरात सारख्याच पोचतात का या तपासणीचा. मूळ औषध आणि जेनेरिक घेतल्यावर रक्तात जे येतं, म्हणजे एयूसी (रक्तात एकूण किती औषध आलं) आणि सीमॅक्स (सर्वाधिक पातळी किती गेली), त्यांचं गुणोत्तर काढायचं आणि त्या गुणोत्तराचा ९० टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल, अख्खाच्या अख्खा, ८० ते १२५ च्या आत बसायला हवा. नुसतं गुणोत्तर बसून भागत नाही. समजा गुणोत्तर ८५ आलं. आता त्याच्या दोन्ही बाजूंना इंटरव्हल पसरणार. जरा पसरला की खालचं टोक ८० च्या खाली गेलं आणि कंपनी नापास. पास व्हायचं तर गुणोत्तर शंभराच्या जवळच असावं लागतं. खाली वीस आणि वर पंचवीस का, असंही मुलं विचारतात. हिशोब लॉगमध्ये होतो, आणि ०.८ चा व्यस्त १.२५. बस्स, एवढंच.

अमेरिकेच्या एफडीएने (तिथल्या औषध नियामकाने) बारा वर्षांतले २०७० अभ्यास एकत्र करून बघितले होते. मूळ आणि जेनेरिकमधला सरासरी फरक सीमॅक्समध्ये ४.३५ टक्के आणि एयूसीत ३.५६ टक्के निघाला. आपल्याकडे हे आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत. भारतात बीसीएस वर्ग दोन आणि चारच्या (पाण्यात कमी विरघळणाऱ्या औषधांच्या) जेनेरिकना बायोइक्विव्हॅलन्स सक्तीचं झालं ते २०१७ साली. त्याआधी मंजूर झालेली कितीतरी औषधं बाजारात आहेत. आणि अभ्यास होतो तो एका बॅचवर. पुढची हरेक स्ट्रिप तशीच निघेल की नाही हा प्रश्न कारखान्याच्या शिस्तीचा आहे. जेनेरिकबद्दल शंका घ्यायची असेल तर ती इथे घ्या, ‘४५ टक्के फरका’वर नको.

काउंटरवर तुम्हाला हे ज्ञान कुठे वापरावं लागेल याचा एक मासला देतो. म्हसरूळ बाजूचे एक निवृत्त शिक्षक, कोलेस्टेरॉलची गोळी बरीच वर्षं चालू. मोबाइल पुढे करून म्हणाले, “भाऊ, हे बघा, या गोळीने नऊ टक्के डायबिटीस होतो म्हणे. आजपासून बंद करतो.” फॉरवर्ड अगदीच हवेतला नव्हता. २०१० साली तेरा ट्रायलींचा, ९१ हजारांवर माणसांचा एकत्रित अभ्यास आला होता आणि त्यात स्टॅटिनवर (म्हणजे या कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांवर) मधुमेहाची शक्यता नऊ टक्क्यांनी वाढलेली दिसली होती. पण नऊ टक्के ‘कशावर?’ त्याच लेखात उत्तर आहे: २५५ जणांनी चार वर्षं गोळी घेतली तर एकाला जास्तीचा मधुमेह. सरांना मी एवढंच सांगितलं. मग दुसरी बाजू. २००३ च्या ॲस्कॉट ट्रायलमध्ये बीपीच्या रुग्णांना ॲटोरव्हास्टॅटिन हे स्टॅटिन दहा मिलिग्रॅम दिलं. सव्वातीन वर्षांच्या आसपास हृदयविकाराचे झटके ३ टक्क्यांवरून १.९ टक्क्यांवर आले. म्हणजे २५५ जणांत साधारण तीन झटके टळले. (याचीही जाहिरात ‘३६ टक्के घट’ अशीच झाली होती.) माणसं वेगळी, काळ थोडा वेगळा, त्यामुळे ही तुलना ढोबळ आहे आणि ते सरांना सांगितलंही. ते म्हणाले, “म्हणजे एक वाढतो, तीन वाचतात. मग घाबरवतात कशाला?” गोळी चालू ठेवली, आणि पुढच्या तपासणीत साखर बघून घ्या असं त्यांना सुचवलं. गोळी बंद करायची की नाही हे सांगणं आपल्या अधिकारात नाही. आकडा माणसांत मोजून सांगणं आहे.

दुष्परिणामांबाबत तीनचा नियम मात्र पाठच करा. ‘३०० रुग्णांत एकही गंभीर दुष्परिणाम नाही’ असं पत्रकावर असेल तर तीनला तीनशेने भागा: एक टक्का. म्हणजे खरं प्रमाण शंभरात एक असलं तरी ३०० जणांत तो दिसला नाही, असं होऊ शकतं. शून्य दिसलं म्हणून शून्य नसतं. बाजारात आल्यावर औषध लाखो लोक घेतात आणि दुर्मीळ गोष्टी तेव्हा वर येतात. रोफेकॉक्सिब हे वेदनाशामक २००४ साली मागे घेतलं गेलं ते लाखोंनी वापरून झाल्यावर. काउंटरवर काही विचित्र दिसलं तर फार्माकोव्हिजिलन्सच्या (दुष्परिणामांवर नजर ठेवणाऱ्या यंत्रणेच्या) १८००-१८०-३०२४ या नंबरवर कळवा. फार्मासिस्टला ते कळवता येतं हेच आपल्यातल्या अनेकांना माहीत नाही.

कोर्सचं म्हणाल तर काउंटर चालवायला एसपीएसएस लागत नाही. कंपनीत, सीआरओत (कंपन्यांसाठी ट्रायल करून देणाऱ्या संस्थेत) किंवा फार्माकोव्हिजिलन्सच्या नोकरीत जायचं असेल तर ‘आर’ शिका, फुकट आहे आणि उपयोगी पडतं. नाहीतर तो वेळ असा घालवा: एमआरने ठेवलेलं एखादं पत्रक घ्या, तळाशी दिलेला संदर्भ पबमेड या वैद्यकीय लेखांच्या संकेतस्थळावर शोधा, सारांश तरी फुकट वाचायला मिळतो. कागदावर चार घरं काढा. गोळी, प्लासिबो, झालं, नाही झालं. आकडे भरा आणि वजाबाकी करा. मग माणसं कोण होती, किती दिवस होती, आणि मोजलं काय ते लिहा. शेवटचा प्रश्न सोडू नका. नुसती साखर, नुसता ईसीजी किंवा नुसतं कोलेस्टेरॉल सुधारलं असेल तर हात आखडता घ्या. कास्ट नावाच्या ट्रायलमध्ये एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड या औषधांनी हृदयाचे जादा ठोके छान दाबले होते, आणि १९९१ च्या अहवालात मृत्यू मोजले तर औषधाच्या गटात ६३, प्लासिबोत २६ निघाले. दोन्ही गट जवळपास सारखेच मोठे. ट्रायल भारतातली असेल तर सीटीआरआयच्या (भारतातल्या ट्रायलींच्या सरकारी नोंदवहीच्या) नोंदीत आधी ठरवलेलं उद्दिष्ट काय होतं आणि छापताना कुठलं पुढे केलं हेही पडताळता येतं. सुरुवातीला एका पत्रकाला अख्खी दुपार जाईल, हात बसला की पाऊण तास.

राहिला एमआर. प्रश्न विचारल्याने तो दुखावत नाही, पण त्याला गिऱ्हाइकांसमोर कोंडीत पकडू नका. त्याच्याकडे बहुतेक वेळा मूळ लेख नसतोच, त्याला मीटिंगमध्ये जे घोकून घेतलं तेच तो बोलतो, आणि महिनाअखेरीचं टार्गेट त्याच्या डोक्यावर असतं. दुपारी दुकान मोकळं असताना शांतपणे सांगा, “पूर्ण लेख पाठव, आणि प्लासिबोचा आकडा किती होता तेवढं विचारून ये.” चांगल्या कंपनीचा मेडिकल विभाग लेख पाठवतो. दोन-तीनदा मागूनही आला नाही तर त्या पत्रकाला किती किंमत द्यायची ते तुमचं तुम्हाला कळेल.